खोली रिकामी आहे का?

१

दिवसाची सुरुवात शांतता रेकॉर्ड करण्यापासून व्हायची.

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल, पण आवाजाच्या धंद्यात ही रीतच आहे. वाचणारा माणूस बूथमध्ये शिरण्याआधी, आत कोणी नसताना, एक मिनिट नुसती खोली टिपून ठेवायची. पुढे वाचनातला खोकला, अडखळणं, पोटाची गुरगुर कापून काढली की तिथे भोक पडतं, आणि त्या भोकाला ठिगळ लावायचं ते याच शांततेचं. कोरं सोडून चालत नाही. कानाला लगेच कळतं, इथे काहीतरी मेलंय. अगदी गप्प अशी खोली जगात कुठे नसतेच.

हे मिनिट टिपायचं काम ससुलीचं. ससुली हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे, पण दाराची कडी वाजली तरी जी मुलगी बसल्या जागी वीतभर उडते, तिला दुसरं काय म्हणणार? नाव ठेवलं आईनं, आणि मामानं ते स्टुडिओभर केलं. कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकून, चांगल्या मार्कांनी पास होऊन ती मामाच्या स्टुडिओत लागली होती, त्याला दोन वर्षं झाली होती.

स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मध्ये जाड काच. काचेच्या अलीकडे टेबल, कॉम्प्युटर आणि एक सोफा. हा सोफा इतका कुरकुऱ्या की त्यावर माशी बसली तरी कळेल असं मामा म्हणायचा. काचेच्या पलीकडे बूथ. भिंतींना करडा फोम, एक खुर्ची, पुस्तक ठेवायचं लाकडी स्टँड आणि थोरली.

थोरली म्हणजे जुना माइक. वीतभर उंच, पोटात काचेची नळी, आणि स्वभाव एखाद्या मानी आत्याबाईसारखा. अर्धा तास तापू दिल्याशिवाय बोलायची नाही. ससुलीची आई अठ्ठावीस वर्षं तिच्यासमोर बसून पुस्तकं वाचत आली होती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच्या ग्रंथालयाला ती रेकॉर्डिंगं जायची. वाचायला सुरुवात करण्याआधी आई बोटातली अंगठी स्टँडच्या लाकडावर दोनदा वाजवायची, टक टक, आणि मग श्वास घ्यायची. आणि संपलं की विचारायची, "बाहेर येऊ का?" इकडून बटण दाबून "ये" म्हटल्याशिवाय बूथचं दार उघडायचं नाही, हा नियमच होता, कारण रेकॉर्डिंग चालू असताना दार उघडलं तर सगळं मुसळ केरात. बाकीचे कधीमधी विसरत. आई अठ्ठावीस वर्षांत एकदाही विसरली नव्हती.

गेल्या वर्षी मामानं धाकटी आणली. बोटभर, दिसायला अगदीच गरीब. पण तिच्याबरोबर एक सॉफ्टवेअर आलं होतं.

"ही एकटी सतरा जणींचं काम करते," मामा म्हणाला. "पडद्यावर नाव निवडायचं की झाली ती. सतरा जुन्या माइकांचे नमुने आहेत आत. आपला आपण नवाही बनवता येतो."

"सोंग घेतलं म्हणून कुणी माणूस होत नाही, मामा."

"असं? मग ओळख बघू."

त्यानं सहा तुकडे वाजवले. कुठला खऱ्याचा, कुठला नमुन्याचा, एवढंच सांगायचं. तीन चुकले. त्यातला एक तर तिनं छातीठोकपणे सांगितला होता.

"कॉलेजात हेच शिकवलं का गं?" मामा दोन दिवस हसत होता. "नमुना तर आमच्याकडे आधीपासूनच होता म्हणायचा."

"तुमचं झालं असेल तर मी आत जाते," सोफ्यावरून आई म्हणाली. "माझा घसा तुमच्यासारखा फुकटचा नाही."

खरंच नव्हता. आईच्या स्वरयंत्रावर गाठ आली होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती, शुक्रवार. त्यानंतर चार महिने पूर्ण मौन. "आवाज परत येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण हाच येईल असं मी लिहून देणार नाही." हातातलं पुस्तक एकतीस प्रकरणांचं होतं आणि सत्तावीस झाली होती. या आवाजातली शेवटची चार उरली होती.

२

आणि नेमकी तेव्हाच थोरली आजारी पडली.

आधी नुसती चरचर, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी. मग तापल्यावर पाऊण तासात आवाज बसायला लागला. पोटातली नळी संपत आली होती. नवी मागवली तर दोन महिने, म्हणजे ऑपरेशननंतर. उरलेली चार प्रकरणं दुसऱ्या माइकवर वाचली तर ऐकणाऱ्याला वाटणार, मध्येच बाई बदलली.

"आहे तोवर तिचा नमुना काढून ठेवू," मामा म्हणाला.

नमुना काढायची पद्धत सोपी होती. थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, समोर स्पीकर ठेवायचा. सॉफ्टवेअर चाळीस मिनिटं खालपासून वरपर्यंत सूर सोडतं. दोघी तोच सूर ऐकतात, आणि दोघींच्या ऐकण्यातला फरक ते शिकून घेतं. अट एकच. खोली रिकामी हवी. आत माणूस असला की सूर त्याच्या अंगावर आपटून फिरतात आणि नमुन्यात तोही उतरतो. ससुलीला हे पाठ होतं. परीक्षेत तिनं यावर पानभर लिहिलं होतं.

पण थोरलीच्या स्टँडचा स्क्रू झिजला होता. जड बाई ती, दर पाच मिनिटांनी बोटभर खाली घसरायची. टेप लावली, दोरी बांधली, चिंधी कोंबली. घसरायचं काही थांबेना, आणि नळी दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं टिकेल याची खात्री नव्हती.

"मी धरते," आई म्हणाली. "एवढं काय त्यात."

"ताई, पण पुतळ्यासारखं बसावं लागेल."

"तुझ्यासारखा भाऊ संभाळलाय लहानपणी. बसेन."

आई आत गेली, स्टँडमागच्या खुर्चीवर बसली, दोन्ही हातांनी थोरली धरली. पडद्यावर चौकट आली. खोली रिकामी आहे का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

ससुलीनं नाही दाबलं.

मग आधी खोली रिकामी करा, असं उत्तर आलं आणि चौकट तिथेच थांबून राहिली.

"अगं, दाब हो," मामा म्हणाला. "त्याला काय दिसतंय?"

तिनं हो दाबलं.

पहिला सूर इतका खालचा होता की तो ऐकू येण्याआधी टेबलावरच्या चहात दिसला. मग चढत गेला, चढत गेला, डासासारखा झाला आणि नाहीसा झाला. पुन्हा खालून. काचेपलीकडे आई डोळे मिटून बसली होती. छाती हलताना दिसत नव्हती. ससुली मिनिटं मोजत होती, आणि मधूनच तिला वाटत होतं की ती चुकीची गोष्ट मोजतेय.

"बाहेर येऊ का?" शेवटी आवाज आला.

"ये, ये."

"विंचरून काढल्यासारखं वाटतंय," बाहेर येऊन आई म्हणाली आणि सोफ्यावर धपकन बसली. सोफा नेहमीसारखा कण्हला. "श्वाससुद्धा चोरून घेत होते मी."

त्याच संध्याकाळी थोरलीनं एकदा चरचर केली आणि कायमची गप्प झाली. मामानं तिला मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं, आणि नव्या नमुन्याला नाव दिलं, थोरली-२.

३

सोमवारी अठ्ठाविसावं प्रकरण होतं.

आई आणि मामा टेबलापाशी गरम पाणी पीत उभे होते. ससुलीनं हेडफोन चढवले, थोरली-२ निवडली आणि रिकामी खोली टिपायला घेतली. दहा सेकंद, वीस, तीस. एसीची बारीक धार, खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातली पुसटशी घरघर, ती फक्त तिलाच ऐकू यायची. चाळीस.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी श्वास घेतला.

ती उडालीच. हेडफोनची वायर कपात अडकली आणि पाणी टेबलभर झालं.

"झालं!" मामा म्हणाला. "आता काय, झुरळ?"

"काही नाही."

तिनं ते मिनिट परत वाजवलं. श्वास होताच. ओठ किंचित उघडून, नाक आणि तोंड दोन्हींनी घेतलेला, बोलायच्या आधी घेतात तसला. घेतलेला, आणि सोडलेला नाही. तिनं मिनिट संपेपर्यंत ऐकलं. तो कुठेच सोडलेला नव्हता.

आपणच घेतला असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण ती काचेच्या अलीकडे होती, आणि माइक पलीकडे. एसीचा झोत? झोताला ओठ नसतात. मग तिनं नमुना बंद केला आणि तेच मिनिट नुसत्या धाकटीच्या कानांनी ऐकलं. एसी, दवाखाना, एवढंच. नमुना चालू केला. श्वास. बंद केला. नाही.

नमुना काही आवाज आणत नसतो. आलेल्या आवाजाला तो फक्त वळण देतो, कापड तेच आणि शिवण वेगळी. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

"ससुले, जाऊ का मी?" आईनं विचारलं.

आई आत गेली, टक टक केलं, वाचू लागली. आणि आवाज असा भरून आला की मामानं सोफ्याच्या हातावर थाप मारली. सत्ताविसावं आणि अठ्ठाविसावं प्रकरण एकापुढे एक लावून त्यानं वाजवून दाखवलं. शिवण शोधून सापडत नव्हती.

"बोल आता! आहे फरक?"

नव्हता. उलट थोरलीहून हीच थोरली जास्त वाटत होती.

४

मंगळवारी तिनं मामाला धरून बसवलं. आई खालच्या दुकानातून खडीसाखर आणायला गेली होती. तिला जाताना दोघांनी पाहिलं होतं.

"मामा, एक मिनिट खोली टिपते. तू बूथच्या दाराला हात लावून उभा राहा."

"का, पळून जाईल?"

तरी तो उभा राहिला. मिनिट टिपून झालं. मग तिनं त्याच्या दोन पट्ट्या केल्या, एक नुसत्या धाकटीची, एक थोरली-२ ची. एक उलटी करून दुसरीवर टाकली. असं केलं की दोघींत जे सारखं असतं ते पुसलं जातं आणि उरतो तो फरक. रिकाम्या खोलीत उरायला हवी थोडीशी सरसर, बाकी काही नाही.

ती वाजवली.

सरसर. मग श्वास. मग खुर्ची जराशी पुढे ओढल्याचा आवाज. पान उलटल्याचा. आणि शेवटी लाकडावर धातू, टक टक.

मामानं हेडफोन काढून त्यांच्या आत बघितलं, जणू तिथे कोणी बसलंय.

"जुन्या रेकॉर्डिंगची घाण राहिली असेल," तो म्हणाला. "मेमरीत. होतं असं."

"होतं?"

"होत असेल." त्यानं हेडफोन टेबलावर ठेवले. "आणि ताई कुठे होती त्या वेळी?"

"तूच तर जिना उतरून सोडून आलास."

जिन्यावर पावलं वाजायला हवी होती. वाजली नाहीत, आणि आई दारात उभी होती, हातात खडीसाखरेचा पुडा. ससुली किंचाळली. मामाही दचकला, जे त्याला पुढे आठवडाभर कबूल नव्हतं.

"काय चेहरे आहेत!" आई म्हणाली. आवाज घोगरा आणि बारीक. "मला बघून कुणी ओरडावं असं काय झालं?"

"कधी आलीस?"

"केव्हाची उभी आहे. दोनदा हाक मारली."

एकोणतिसावं प्रकरण त्या दिवशी झालं. मामा मध्येच उठून बाहेर फोन करायला गेला आणि ते संपेपर्यंत परतला नाही.

५

घरी बुधवारी सकाळी ससुली ओट्यापाशी दूध तापवत होती. खांद्यावर हात पडला आणि पातेलं लवंडता लवंडता वाचलं. मागे आई. ओठ हलत होते.

"काय?"

आईनं घसा खाकरला. निदान खाकरल्याची हालचाल केली. मग कुठून तरी लांबून आल्यासारखं, "...हाका मारतेय. बहिरी झालीस का?"

आईनं स्टीलचा पेला ओट्यावर ठेवला. ससुली त्या पेल्याकडे बघत राहिली. स्टील दगडावर टेकलं, आणि काहीच वाजलं नाही.

आपले कानच गेले. हेडफोन घालून घालून. हे कारण इतकं सरळ होतं की तिला जवळजवळ आनंद झाला. स्टुडिओत जाण्याआधी ती कानाच्या डॉक्टरकडे शिरली. काचेच्या पेटीत बसवून त्यांनी एकेक सूर सोडला, तिनं एकेक बटण दाबलं. खालपासून वरपर्यंत. तिला त्या पेटीत दोन मिनिटंही बसवेना.

"कान मांजराचे आहेत तुमचे," ते म्हणाले. "रोग असलाच तर दुसरीकडे असेल."

त्या दिवशी तिसावं प्रकरण झाल्यावर तिनं एक गोष्ट केली जी सोमवारीच करायला हवी होती. तिन्ही दिवसांच्या मूळ पट्ट्या, नमुना न लावलेल्या, एकापाठोपाठ एक ऐकल्या. धाकटी जागची हलली नव्हती, बटणं तिथेच होती, आईची खुर्ची जमिनीवरच्या खुणेवर होती.

सोमवारची आई धाकटीसमोर बसली होती. मंगळवारची आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. बुधवारची आई बंद दाराआड कुठेतरी वाचत होती, शब्द लागत नव्हते.

घसा बसलाय तिचा, ससुलीच्या डोक्यातली कॉलेजातली मुलगी म्हणाली. गाठ वाढतेय. पण घसा बसला तर पान उलटल्याचा आवाज कसा बसेल? पान पण लांब गेलं होतं. अंगठी पण.

तिनं थोरली-२ लावली. तीच पट्टी. आई कानाशी येऊन बसली, उबदार, अगदी जवळ, प्रत्येक जोडाक्षर स्वच्छ. इतकी जवळ की ससुलीनं मान बाजूला घेतली.

६

गुरुवारी आईचं बोलणं तिला ओठांकडे बघून ऐकावं लागत होतं.

"आज नको," ससुली म्हणाली. "राहू दे हे पुस्तक. मी ग्रंथालयाला सांगते."

"वेडी आहेस का? नऊ पानं उरलीत."

"आई, तो नमुना... तू आत असताना मी रिकामी म्हणून सांगितलं. मी हो दाबलं. तेव्हापासून..." पुढचं वाक्य तिला स्वतःलाच म्हणता येईना. दुपारच्या स्वच्छ उजेडात, एसी चालू असताना, शहाण्या माणसानं म्हणावं असं ते वाक्य नव्हतं.

आईनं तिचा गाल थोपटला. हात गार होता. "घाबरट कुठली. उद्या त्या बाई माझ्या गळ्यात चिमटा घालणार आहेत, आणि भीती तुला वाटतेय. तीस प्रकरणं ऐकून लोक शेवटासाठी थांबलेत. मला माझ्या तोंडानं संपवू दे."

मामा आला नव्हता. दात दुखतोय म्हणून कळवलं होतं. खालीच दवाखाना असताना.

आई आत गेली. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. ससुलीनं थोरली-२ वरची खूण काढली. आज नुसती धाकटी. जुळलं नाही तर न जुळो, ऐकणाऱ्यांना वाटू दे बाई बदलली.

काचेपलीकडे आईनं अंगठी लाकडावर दोनदा टेकवली. हेडफोनमध्ये एसीची धार.

आईनं श्वास घेतला, ओठ उघडले, वाचू लागली. ससुलीला तिची मान हलताना दिसत होती, वाक्याच्या शेवटी जरा झुकणारी, अठ्ठावीस वर्षांची सवय. हेडफोनमध्ये एसी. खाली दवाखान्यातली घरघर. आईनं पान उलटलं. पडद्यावरची रेघ सरळ होती, रिकाम्या खोलीची असते तशी.

ससुलीनं वायर तपासली. आवाज वाढवला, आणखी वाढवला. घरघर मोठी झाली, एसी वाऱ्यासारखा घोंघावू लागला. खोलीत जे जे होतं ते सगळं धाकटीला ऐकू येत होतं.

तिचं बोट आपोआप गेलं. थोरली-२.

"...आणि मग तिनं दिवा खाली ठेवला," आई म्हणाली, अर्ध्या वाक्यातून, भरलेल्या, गोड, बिनगाठीच्या आवाजात.

ससुलीनं नमुना पुन्हा बंद केला नाही. करायला हवा होता, हे तिला त्याही क्षणी कळत होतं. पण आवाज इतका आईचा होता! लहानपणी तापात कपाळावर हात ठेवून वाचून दाखवायची तो. उद्यापासून कदाचित जगात कुठेच नसणार तो. नऊ पानं ती हेडफोन दोन्ही हातांनी धरून ऐकत बसली, आणि रडत होती हे तिला हनुवटी ओली लागल्यावर समजलं.

शेवटचं वाक्य संपलं. पुस्तक मिटलं.

काचेपलीकडे आई उठली. दाराकडे आली. दार उघडलं आणि बाहेर आली.

विचारलं नाही.

लाल दिवा अजून चालू होता. अठ्ठावीस वर्षांत एकदाही जिनं विचारल्याशिवाय दार उघडलं नव्हतं, ती समोरून चालत गेली, ससुलीकडे बघून दमल्यासारखी हसली आणि सोफ्यावर बसली. सोफा कुरकुरला नाही.

"आई?"

आईचे ओठ हलले. ससुलीला काहीही ऐकू आलं नाही. तिनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. काहीही नाही. रस्त्यावरचा हॉर्न आला, जिन्यातलं कुणाचं तरी खोकणं आलं. आई बोलत होती, हातवारेही करत होती, आणि तिच्या बांगड्या वर खाली होत होत्या, गुपचूप.

ससुली खुर्चीत गर्रकन फिरली. तिनं सॉफ्टवेअर उघडलं, नव्या नमुन्याचं पान. खरं उत्तर द्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्या दिवशी खोटं सांगितलं, आज खरं सांगायचं, मग तरी हे सुटेल. चौकट आली.

खोली रिकामी आहे का?

तिनं काचेतून पाहिलं. खुर्ची, स्टँड, मिटलेलं पुस्तक, धाकटी. दार उघडंच राहिलं होतं.

तिनं नाही दाबलं.

मग आधी खोली रिकामी करा.

आणि हेडफोनमध्ये खुर्ची मागे सरकली. अगदी हळू, शिस्तीनं, लाल दिवा चालू असताना सरकवतात तशी. एक श्वास सुटला, लांब, दमलेला, सोमवारपासून रोखून धरल्यासारखा. टक टक.

"ससुले," आई म्हणाली, कानाशी, सगळ्या गोडव्यासकट. "बाहेर येऊ का?"

ससुलीनं मागे वळून पाहिलं. सोफ्यावरची आई बोलायची थांबली होती. तिनं तो आवाज ऐकला होता की नुसता ससुलीचा चेहरा पाहिला होता, कोण जाणे. ती ससुलीकडे एकटक बघत होती, आणि हळूहळू, एकदा इकडे, एकदा तिकडे, तिनं मान हलवली. नको.

"ससुले? ऐकतेयस ना गं? किती वेळ बसू मी इथे?"

बोलायचं बटण बोटाखाली होतं. गुळगुळीत, दोन वर्षांत तिच्याच बोटानं झिजलेलं. समोर उघडं दार. मागे सोफा, आणि त्यावर गार हातांची, मुकी, उद्या ऑपरेशनला जायची असलेली बाई, जिच्या पदराला आईचा वास होता. तिच्याकडे अजून एकदा बघितलं तर आपल्याच्यानं हे होणार नाही, एवढं ससुलीला कळत होतं.

म्हणून तिनं बघितलं नाही. डोळे मिटले, बटण दाबलं.

"ये," ती म्हणाली.

आणि पाठीमागे, इतका वेळ गप्प असलेला सोफा कुरकुरला, त्यावरून कुणीतरी घाईघाईनं उठावं तसा.